संबंधानंतर आग, खाज, सूज: वीर्याची अ‍ॅलर्जी असू शकते का? (आणि वीर्याबद्दलचे इतर प्रश्न)

केतकीवन · सोमवार, रात्री ११:४०

गेले सात महिने इथे फक्त वाचतेय. आज धीर करून लिहिते, कारण आईशी हे बोलता येत नाही आणि मैत्रिणीसमोर विषय काढायला गेले की शब्द घशातच अडकतात.

वय ३१. लग्नाला दोन वर्षं झाली. नाशिकला सासू-सासऱ्यांसोबत राहतो. लग्न झाल्यापासून दर वेळी संबंधानंतर दहा-पंधरा मिनिटांत आत-बाहेर आग सुरू होते, मिरची चिरलेला हात डोळ्याला लागावा तशी. मग खाज, मग सूज. दोन-तीन तास धड बसवत नाही, लघवीला झोंबतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हळूहळू ओसरतं. एकदा मांडीला वीर्य लागलं होतं, तर नेमक्या तेवढ्याच जागी गांधी उठल्या.

रात्री साडेबाराला बाथरूममध्ये पाटावर बसून तांब्याने गार पाणी ओतत राहायचं. सासूबाईंना आवाज जाऊ नये म्हणून नळ बारीक सोडायचा. नवरा दाराबाहेर उभा असतो. मागच्या महिन्यात म्हणाला, "माझ्यातच काही विष आहे का गं?" त्या रात्री दोघंही रडलो.

पहिल्या डॉक्टर म्हणाल्या, नवीन लग्न आहे, सवय होईल. दुसऱ्यांनी बुरशीच्या गोळ्या दिल्या, दोघांना, तीन वेळा. लघवीचं कल्चर स्वच्छ, योनीतल्या स्रावाची तपासणी स्वच्छ. अंगावरून पांढरं जात नाही, वास येत नाही.

मध्यंतरी मूल लांबवायचं ठरलं म्हणून तीन महिने कंडोम वापरला. त्या तीन महिन्यांत एकदाही त्रास झाला नाही! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि वहीत तारखा लिहायला लागले. आतापर्यंत ११ नोंदी झाल्यात. कंडोम असला तर काही नाही, नसला तर दर वेळी.

वीर्याची अ‍ॅलर्जी असा काही प्रकार खरंच असतो का? आणि असेल, तर मला मूल होऊ शकेल का?

दगडफूल · सोमवार, रात्री ११:५८

केतकी, आधी एक सांगते. इतकं स्वच्छ लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मला ठाऊक आहे. उत्तर जाणकार देतील. पण ती वही अजिबात टाकू नकोस.

कोयनाकाठ · मंगळवार, सकाळी ७:१०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, २२ वर्षं प्रॅक्टिस. इथे बसून निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. हो, असा आजार असतो आणि तो मान्यताप्राप्त आहे. १९५८ साली नेदरलँड्समधल्या एका डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद केली. तो विरळा समजला जातो. तरी अनेक जणी बुरशीची औषधं खात वर्षं काढतात, त्यांची नोंद कुठेच होत नाही असं मला वाटतं.

अ‍ॅलर्जी शुक्राणूंची नसते, ते ज्या द्रवात असतात त्या द्रवातल्या प्रथिनांची असते. मुख्य आरोपी प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन आहे. पुरुषांच्या रक्ततपासणीत 'पीएसए' असं छापून येतं, तेच हे. वीर्य बाहेर आल्यावर आधी घट्ट होतं आणि थोड्या वेळाने पातळ होतं, ते पातळ करण्याचं काम याचं. काही जणींचं शरीर त्यालाच परका शत्रू समजतं.

तुमच्या वर्णनातल्या तीन गोष्टी याच दिशेला बोट दाखवतात: त्रास अर्ध्या तासाच्या आत सुरू होणं, जिथे द्रव लागला तिथेच गांधी येणं आणि कंडोम असताना काहीच न होणं. तिसरी गोष्ट सगळ्यात वजनदार. कंडोम वापरूनही तशीच आग होत असेल तर कारण दुसरं शोधावं लागतं, कधी तर रबराचीच अ‍ॅलर्जी निघते.

मूल होण्याबद्दल: या अ‍ॅलर्जीने वंध्यत्व येत नाही. वीर्य धुऊन, म्हणजे द्रव बाजूला काढून फक्त शुक्राणू गर्भाशयात सोडता येतात. आययूआयमध्ये, म्हणजे नळीने शुक्राणू गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, एरवीही तसंच करतात.

आता धोक्याची बाजू, ही मात्र काळजीपूर्वक वाचा. कधी अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, छातीत घरघर झाली, चक्कर आली, तर गार पाणी ओतत बसू नका. ती वेळ थेट इमर्जन्सीत जाण्याची. ही प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते, आणि तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. निदान होईपर्यंत कंडोम सोडू नका.

एक प्रश्न: तुम्हाला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे का?

केतकीवन · मंगळवार, सकाळी ७:३५

डॉक्टर, हे वाचून हात थरथरले. लहानपणी शेजारच्या काकूंचा कुत्रा जवळ आला की मला शिंकांवर शिंका यायच्या, डोळे चोळून लाल व्हायचे. तुम्हाला कसं कळलं?

कोयनाकाठ · मंगळवार, सकाळी ८:०५

कळलं नव्हतं, म्हणून तर विचारलं. नर कुत्र्याच्या प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन आणि माणसाचं पीएसए यांची ठेवण बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे कुत्र्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही स्त्रियांना वीर्याचीही होते. सगळ्यांना होत नाही. पण अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जाल तेव्हा हा मुद्दा आठवणीने सांगा.

आणि यजमानांना हे वाचून दाखवा. त्यांच्यात विष नाही. त्यांच्या वीर्यात प्रत्येक पुरुषाच्या वीर्यात असतं तेच प्रथिन आहे.

दगडफूल · मंगळवार, दुपारी १:२०

माझी गोष्ट उलट होती, ती लिहिते, म्हणजे कुणी घाईने 'मलाही अ‍ॅलर्जीच' असं ठरवणार नाही.

मलाही संबंधानंतरच त्रास व्हायचा, पण आग कमी आणि वास जास्त. सुकटीचा डबा उघडल्यासारखा. मला वाटायचं मीच अस्वच्छ आहे. दिवसातून तीनदा साबणाने आतून धुवायचे, मेडिकलमधून तो गुलाबी बाटलीतला वॉशही आणला. जितकं धुतलं तितकं वाढत गेलं. शेवटी एका डॉक्टरबाईंनी पाच मिनिटांत सांगितलं, हे बॅक्टेरियल व्हजायनोसिस आहे, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडलाय. सात दिवसांच्या गोळ्यांनी बरं झालं.

संबंधानंतरच वास का, तेही त्यांनी समजावलं. योनीतलं वातावरण मुळात आंबट असतं, पीएच ४ च्या आसपास. दह्याच्या विरजणात असतात त्याच कुळातले जंतू ते आंबट ठेवतात आणि बाकीच्यांना दारातच अडवतात. वीर्याचा पीएच ७.२ ते ८, म्हणजे किंचित अल्कधर्मी, आंबटाच्या उलट बाजूचा. त्याने आंबटपणा काही तास मोडतो. निरोगी बाईचं शरीर तो परत जागेवर आणतं. पण आधीच जंतूंचा समतोल बिघडलेला असेल, तर त्या वेळेत वास उडायला लागतो. दोष वीर्याचा नव्हता, माझ्या साबणाचा होता.

बायांनो, आतून काहीही धुवू नका. बाहेरून साधं पाणी पुरे.

मोगरा_२४ · मंगळवार, दुपारी ३:४५

दगडफूल +१. नंतर लघवीला जाऊन येण्याची सवयही लावा. मूत्रमार्गाच्या संसर्गाने माझी दोन वर्षं गेली.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, विचारायला संकोच वाटतो. वीर्य पोटात गेलं तर चालतं का? नवरा म्हणतो त्यात प्रथिनं असतात, ताकद येते, चेहऱ्याला लावलं तर त्वचा उजळते. कुठेतरी असंही वाचलं की त्याने बायकांचं नैराश्य कमी होतं.

कोयनाकाठ · मंगळवार, रात्री ९:३०

संकोच नको. माझ्या ओपीडीत हा प्रश्न कुणी विचारत नाही, तरी तो अनेकींच्या मनात असतो हे मला माहीत आहे.

एका वेळचं वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा. शुक्राणू त्यातला अगदी थोडा भाग. बाकी दोन तृतीयांशाच्या आसपास द्रव शुक्राशयातून येतो, त्यात फ्रुक्टोज ही साखर असते. उरलेला बराचसा प्रोस्टेटचा, त्यात सायट्रिक आम्ल, झिंक आणि ते पीएसए. प्रथिनं म्हणाल तर चमचाभर वीर्यात जेमतेम पाव ग्रॅम, आणि एका अंड्यात सहा ग्रॅम. ताकदीसाठी अंडं खा.

पोटात गेलं तर ते इतर अन्नासारखं पचतं. त्याने विषबाधा होत नाही आणि दिवसही जात नाहीत. प्रश्न फक्त संसर्गाचा. जोडीदाराला परमा, म्हणजे गनोरिया असेल तर तो घशात घर करतो आणि बहुतेक वेळा घसा दुखतही नाही. सिफिलिस तोंडावाटे लागू शकतो. एचआयव्हीचा धोका तोंडावाटे खूप कमी असतो, पण हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंडात जखम असेल तर तो वाढतो. दोघांच्या तपासण्या झालेल्या असतील आणि तिसरं कुणी मध्ये नसेल, तर काळजीचं कारण नाही.

चेहऱ्याबद्दल: उजळतबिजळत काही नाही. धड त्वचेवर लागलं तर अपायही नाही, पाण्याने धुवावं. डोळ्यात गेलं मात्र चांगलंच झोंबतं, डोळा लाल होतो. चोळू नका, स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा. दुसऱ्या दिवशीही लाल राहिला, पू आला किंवा दिसायला अंधूक झालं, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. गनोरियाचे जंतू डोळ्याला कायमची इजा करू शकतात.

नैराश्याचं तुम्ही वाचलंत ते अमेरिकेतलं, २००२ सालचं सर्वेक्षण. अल्बनीच्या विद्यापीठातल्या २९३ विद्यार्थिनींकडून प्रश्नावली भरून घेतली होती. कंडोम न वापरणाऱ्यांमध्ये नैराश्याचे गुण कमी दिसले. पण एवढ्यावरून वीर्य हे औषध आहे असं सिद्ध होत नाही. कंडोम न वापरणाऱ्या मुली स्थिर, विश्वासाच्या नात्यात असण्याची शक्यता जास्त, आणि तसं नातंच मन बरं ठेवतं. या एका प्रश्नावलीच्या जोरावर कुणी बायकोला कंडोम सोडायला सांगत असेल, तर तो तिची फसवणूक करतोय.

आणि मोगरा, शेवटचं. तुम्हाला ते आवडत नसेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे. त्याला वैद्यकीय दाखल्याची गरज नाही.

चंद्रभागातीर · बुधवार, सकाळी ६:१५

मी ६४ वर्षांचा आहे. बायकांच्या धाग्यावर म्हाताऱ्याने बोलावं का असा विचार करत होतो, पण केतकीताईंच्या यजमानांचं ते 'विष' वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या पिढीला याच्या बरोबर उलटं शिकवलं गेलं. वीर्य म्हणजे शरीराचा अर्क. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि सगळ्यात शेवटी शुक्र. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून एक थेंब बनतो, असं वसतिगृहात मोठी मुलं सांगायची. झोपेत गेलं की मी दुसऱ्या दिवशी आरशात गाल बघायचो, खरंच खपाटी गेलेत का. गुडघे दुखायचे, अभ्यासात लक्ष लागायचं नाही, आणि रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' रंगवलेलं असायचंच. वडिलांनी धाडलेल्या मेसच्या पैशांतून मी दोन महिने कसल्याशा पुड्या आणून खाल्ल्या. एक वेळ जेवायचो. गाल खपाटी गेले ते त्यामुळे.

पुढे नोकरीत असताना एका मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की या भीतीला वैद्यकात नाव आहे, धात सिंड्रोम. डॉ. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली ते दिलं. शुक्राणू रोजच्या रोज तयार होतात, एक तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, वापरले नाहीत तर शरीर ते जिरवून टाकतं. साठा करून ताकद वाढत नाही, आणि गेल्याने हाडं झिजत नाहीत. हे मला विसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

मुंबईत र. धों. कर्वे १९२१ पासून संततिनियमनाचं केंद्र चालवत होते. इतक्या आधी आपल्याच भाषेत आपलाच माणूस हे सांगत होता, आणि माझ्या वसतिगृहापर्यंत त्यातला एक शब्द पोचला नाही. याची मला आजही हळहळ वाटते.

यजमानांना माझा निरोप द्या: विषही नाही, अमृतही नाही.

समुपदेशक_खोली१० · बुधवार, सकाळी ११:००

चंद्रभागातीर काका, तुमचा प्रतिसाद मी माझ्या केंद्रात येणाऱ्या मुलांना वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

मी एका ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात काम करते. अ‍ॅलर्जीवर मला काही म्हणायचं नाही, पण 'वीर्यातून काय पसरतं' हा माझा रोजचा विषय आहे.

वीर्यातून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, गनोरिया, क्लॅमिडिया पसरतात. सिफिलिस, जननेंद्रियांवरची नागीण (हर्पिस) आणि एचपीव्ही (मस्से आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू) मुख्यतः त्वचेला त्वचा लागून पसरतात, म्हणून कंडोमने त्यांचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. हिपॅटायटिस बी लोक विसरतात. तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागट आहे, आणि त्याची लस आहे. बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ च्या सुमारास पोचली, म्हणजे हा धागा वाचणाऱ्या बहुतेकांना लहानपणी मिळालेली नसणार. तपासून घ्या आणि तीन डोस पूर्ण करा: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी.

गेल्या आठवड्यात एक जोडपं आलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेली, म्हणून "आता काही लागायची भीती नाही" असं दोघांचंही ठाम मत. नसबंदीने फक्त शुक्राणू अडतात. द्रव तसाच येतो आणि त्यातले विषाणूही. शिवाय नसबंदीनंतर तीन महिन्यांनी वीर्य तपासून शुक्राणू नाहीत हे कळेपर्यंत दिवस जाण्याची भीतीही कायम असते.

दुसरी गोष्ट खोबरेल तेल. हे मी घसा फोडून सांगते. कोरडेपणा असला की घरात असतं ते तेल लावतात आणि वर कंडोम. खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल यांनी लॅटेक्सचं रबर काही मिनिटांत कमजोर होतं आणि फाटतं. मी मुलांना फुगवलेल्या कंडोमला तेल चोळून दाखवते. तो फट्कन फुटतो आणि खोलीत एकदम शांतता होते. पाण्याची जेल वापरा, मेडिकलमध्ये मिळते.

कंडोम फाटला आणि जोडीदाराबद्दल शंका असेल, तर ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं तिथे मिळतात) किंवा जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. २८ दिवसांची औषधं असतात, त्याने संसर्ग टाळता येतो. दिवस जाण्याची भीती असेल तर त्याची गोळी वेगळी, तीही ७२ तासांत. या दोन गोळ्या एक नव्हेत. लोक मेडिकलमधून आयपिल घेतात आणि एचआयव्हीचंही भागलं असं समजतात.

सरकारी केंद्रात चाचणी फुकट आहे आणि तुमचा निकाल तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे. आमची खोली शोधायला लाज वाटत असेल तर १०९७ वर फोन करा.

आडवाटेचा · बुधवार, रात्री १०:२०

ताई, तुम्ही 'जोडपं' म्हणालात त्यात आम्हीही येतो असं धरून लिहितो. मी आणि माझा जोडीदार, दोघं पुरुष, मुंबईत सहा वर्षं एकत्र आहोत. तो एचआयव्हीसह जगतोय, मला नाही.

आमच्यासारख्यांसाठी वीर्याचा धोका वेगळा असतो, आणि तो मराठीत कुणी सांगत नाही. गुदमार्गाचं अस्तर पातळ असतं. उपचार न घेणाऱ्या जोडीदाराकडून विनाकंडोम गुदसंबंधात, आत घेणाऱ्या जोडीदाराला लागण होण्याची शक्यता दर १०,००० वेळांमागे सुमारे १३८ धरतात. योनीमार्गात हाच आकडा ८ च्या आसपास आहे.

पण तो रोज रात्री नऊला गोळी घेतो. त्याच्या रक्तातला विषाणू गेली चार वर्षं मोजता येत नाही इतका कमी आहे. अशा जोडप्यांचा युरोपात मोठा अभ्यास झाला, २०१९ ला तो छापून आला. पुरुष जोडप्यांनी सुमारे ७६ हजार वेळा कंडोमशिवाय संबंध ठेवले, आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला झोपेतून उठवून दाखवला होता.

इतर आजारांसाठी आम्ही दर सहा महिन्यांनी तपासून घेतो. गोळी एचआयव्ही थांबवते, सिफिलिस नाही.

समुपदेशक_खोली१० · बुधवार, रात्री १०:५०

दादा, अर्थातच तुम्हीही येता. तुमच्या नऊच्या गोळीला माझा नमस्कार.

पुरंदरकर · गुरुवार, सकाळी ८:४०

वीर्यातून काय काय पसरतं त्यात एक नाव राहिलं: झिका. आमच्या तालुक्यातल्या बेलसरला २०२१ च्या जुलैत राज्यातला पहिला रुग्ण सापडला. आरोग्य खात्याची पथकं घरोघर हिंडली. डास, पाण्याच्या टाक्या हे लोकांना समजलं, पण काही महिने कंडोम वापरा आणि दिवस राहू देऊ नका असं सांगायला लागल्यावर पारावर सगळे गप्प. डासाच्या आजाराचा याच्याशी काय संबंध, असं मलाही वाटलं होतं.

कोयनाकाठ · गुरुवार, दुपारी २:१५

चांगली आठवण केलीत. झिकाचा विषाणू रक्तातून गेल्यावरही वीर्यात बराच काळ टिकतो, म्हणून पुरुषाने आजारानंतर तीन महिने कंडोम वापरावा असा सल्ला असतो. ताप आला नसला तरी, त्या भागात राहून आलेला असला तरी. मोठ्यांना आजार किरकोळ, पण गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात गर्भवतींना लागण झाली तेव्हा माझ्याकडच्या प्रत्येक गरोदर बाईच्या नवऱ्याला मी हे स्वतः सांगत होतो.

निशिगंध_मे · गुरुवार, दुपारी ४:००

डॉक्टर, मला सातवा महिना आहे. आता वीर्य आत गेलं तर बाळाला काही होतं का? जाऊबाई म्हणतात कळा सुरू होतात.

कोयनाकाठ · गुरुवार, रात्री ९:४५

बाळ पाण्याच्या पिशवीत, आणि गर्भाशयाचं तोंड घट्ट चिकट स्रावाने बंद. वीर्य तिथपर्यंत जात नाही. जाऊबाईंच्या बोलण्याला थोडा आधार आहे, कारण वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असतात आणि कळा आणायला आम्ही त्याच जातीचं औषध वापरतो. पण वीर्यातली मात्रा त्या कामाला पुरेल असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गर्भारपण सुरळीत असेल तर संबंध चालतात. रक्तस्राव झालेला असेल, वार खाली असेल, पाणी जात असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल किंवा आधी मुदतपूर्व प्रसूती झाली असेल, तर नाही. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा. नवऱ्याला काही संसर्ग असण्याची शंका असेल तर कंडोम हवाच, गरोदरपणात लागलेला सिफिलिस किंवा एचआयव्ही बाळापर्यंत पोचतो.

एक मला स्वतःला फार विलक्षण वाटणारी गोष्ट सांगतो. ज्या जोडीदाराचं मूल आहे त्याच्या वीर्याशी आधी पुरेसा काळ संपर्क आलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातला रक्तदाबाचा गंभीर आजार, प्रीएक्लाम्प्सिया, कमी आढळतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे बाईचं शरीर त्या पुरुषाची प्रथिनं हळूहळू ओळखीची करून घेत असावं. अजून हे पक्कं नाही, यावरून कुणी काही बदलू नये. पण केतकीताईंच्या शरीरात हीच ओळख बिनसली आहे असं म्हणता येईल.

केतकीवन · पाच महिन्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:१०

धागा वर काढते, कारण अर्धवट सोडून जाणं मला बरं वाटेना.

पुण्यात एका अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बाईंकडे गेलो. मी वही पुढे केली, त्यांनी पानन् पान वाचलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आधी नवऱ्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. सगळ्या स्वच्छ आल्यावर मग त्याचं वीर्य यंत्रात फिरवून शुक्राणू वेगळे केले आणि वरच्या द्रवाचा थेंब माझ्या हातावर ठेवून सुईने हलकं टोचलं. बाजूला मिठाच्या पाण्याचा एक थेंब, तुलनेसाठी. नवऱ्याच्याही हातावर तसंच केलं.

वीस मिनिटं आम्ही दोघं बाकावर हात पुढे करून बसलो होतो. माझ्या हातावर तुरीच्या दाण्याएवढी गांध उठली, भोवती लाली. त्याच्या हातावर काहीच नाही. तो म्हणाला, "बघ, मला माझं चालतं." आणि दोन वर्षांत पहिल्यांदा या विषयावर हसलो.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, दवाखान्यात देखरेखीखाली अगदी विरळ केलेल्या वीर्यापासून सुरू करून दर वीस मिनिटांनी मात्रा वाढवायची, म्हणजे शरीर सहन करायला शिकतं. पण ते टिकवायला त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी विनाकंडोम संबंध ठेवावे लागतात, खंड पडला की पहिले पाढे पंचावन्न. नवऱ्याची नोकरी पंधरा दिवस साइटवर, पंधरा दिवस घरी. ते जमणार नाही. म्हणून दुसरी वाट: एरवी कंडोम, आणि मुलासाठी धुतलेल्या शुक्राणूंचं आययूआय.

पहिलं आययूआय मागच्या महिन्यात झालं. त्या टेबलावर मी आगीची वाट बघत पडून होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली, नर्सताई म्हणाल्या आता उठलात तरी चालेल. काहीही झालं नव्हतं. या वेळी दिवस राहिले नाहीत, पुढच्या पाळीनंतर परत जाणार आहोत.

सासूबाईंना मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग नळ मोठा सोडायचा की गं, मला सगळं ऐकू यायचं."

अबोली_नवी · रविवार, रात्री ११:२५

नवीन आयडी आहे, हा धागा वाचूनच काढला. मला अगदी असंच होतं, गांधीसुद्धा. नऊ वर्षं झाली. गुरुवारी आम्ही दोघं डॉक्टरांकडे जातोय. काय बोलायचं ते सुचत नाहीये.

केतकीवन · रविवार, रात्री ११:३१

अबोली, बोलायचं सुचलं नाही तर लिहून ने. तारीख, किती मिनिटांनी सुरू झालं, कुठे कुठे उठलं, कंडोम होता की नव्हता, किती वेळाने गेलं. गांधी उठल्या की लगेच मोबाइलवर फोटो काढ, दवाखान्यात पोचेपर्यंत त्या विरून जातात. आणि दोघं एकदमच आत जा. तुला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, गुरुवारी मी दिवसभर फोन जवळ ठेवते.